दुसरं विमान

"आता तिकडं उजाडलं आसंल, न्हवं?" तात्याबानं विचारलं.

केरूनं खिडकीतून बाहेर पाहिलं. लेहच्या डोंगरात या घडीला कितपत उजाडलंय हे औंधच्या डोंगराखालच्या या वाडीत बसून कोण सांगणार? तरी तो म्हणाला, "व्हय आबा, उजाडलं आसंल."

"वारं?"

"सकाळचं नसतंय. उन्हं चढली की सुटतंय."

"म्हंजे इमान आत्ताच येनार."

"ढगं नसली तर येईल."

पाठीशी दुमडलेली वाकळ घेऊन म्हातारा भिंतीला टेकून बसला होता. पोटात पाणी झाल्यामुळं पोट तेवढं फुगलं होतं आणि हातपाय काटकीसारखे झाले होते. साताऱ्याच्या दवाखान्यातून डॉक्टरांनी त्याला घरी न्यायला सांगितलं होतं. उशाशी धाकट्या मुलाचा, मानसिंगचा ट्रान्झिस्टर होता. सकाळी बातम्या लागल्या की तो कानाशी धरायचा. काश्मीरचं नाव आलं तर दुसऱ्या हातानं सगळ्यांना गप्प बसायची खूण करायचा. बातम्या संपल्या की नजर समोरच्या भिंतीवर. खिडकीतून आलेली उन्हाची तिरीप आधी भिंतीवर वर पडायची आणि मग हळूहळू खाली सरकायची. ती जमिनीला लागली की तात्याबा म्हणायचा, "आजचं गेलं." मग तो भिंतीकडं तोंड करून निजायचा तो दिवसभर कुणाशी बोलायचा नाही.

हे सगळं त्याला केरूनंच शिकवलं होतं. विमान सकाळचंच उडतं, उन्हं तापली की उडत नाही, हे या घरात दुसऱ्या कुणाला माहीत असायचं कारण नव्हतं.

केरू होवाळ त्या घरातला कुणी नव्हता. तो कुंडलचा. तिथल्या बौद्धवस्तीत त्याची आई जाईबाई आणि बायको पारूबाई राहत होत्या. लष्करात तो ट्रक चालवायचा. वर्षभर लडाखात काढून चौऱ्याहत्तर सालच्या जानेवारीत तो रजेवर आला होता. श्रावणात झालेली आपली मुलगी त्यानं याच रजेत पहिल्यांदा पाहिली. पण तिला धड मांडीवर घेऊन बसायलाही त्याला सवड झाली नव्हती. कुंडलहून किर्लोस्करवाडी स्टेशनला यायचं, गाडीनं रहिमतपूर गाठायचं, तिथून एसटीनं वाडीला यायचं, पुन्हा परत जायचं, यातच त्याची रजा चालली होती. तात्याबाचा थोरला मुलगा सयाजी अजून लेहला अडकून पडला होता. आणि "सयाजी उद्या येतोय" असं या घरात येऊन सांगणारा माणूस केरू होता.

सयाजी आणि केरू एका पलटणीतले नव्हते. त्यांची गाठ पडली ती लेहच्या विमानतळाजवळच्या छावणीत. हिवाळ्यात बर्फानं रस्ता बंद झाला की तिथून बाहेर पडायला विमानाशिवाय वाट नसते. रजेवर निघालेले जवान या छावणीत येऊन राहायचे आणि नंबर लागेपर्यंत थांबायचे. केरू तिथं पोचला त्या दिवशी शेगडीशी बसलेला एक जण म्हणाला, "लय गार हाय गड्या." केरूनं आपला बिस्तरा तिथंच टाकला आणि तो त्याच्या शेजारी जाऊन बसला. एक औंधकडचा, एक कुंडलचा. गावाकडं असते तर दोघं एका पंगतीला बसले नसते. इथं त्यांनी एका डब्यात हात घातला आणि ते उसाचं, बैलांचं, यमाईच्या जत्रेचं बोलत राहिले.

सयाजीच्या खिशात वडील गंभीर असल्याची तार होती. तो तिच्याबद्दल फारसं बोलायचा नाही. पण पहाटे सगळ्यांच्या आधी उठायचा आणि बाहेर जाऊन आभाळ बघून यायचा.

दिवसाला दोन विमानं यायची. पहिलं सूर्य उगवता उगवता, दुसरं त्याच्या मागून थोड्या वेळानं. त्यानंतर खोऱ्यात वारा सुटायचा आणि मग विमान उतरायचं नाव नसे. जुनी माणसं सांगायची, पहिलं विमान गाठा. दिवस जसा चढतो तसा बिघडत जातो. पण त्या आठवड्यात उलटंच चाललं होतं. सकाळी खिंडीत ढग बसलेले असायचे. पहिलं विमान यायचं, डोक्यावर घिरट्या घालायचं आणि माणसं बघत असताना माघारी जायचं. ऊन पडून ढग जरा फाटले की दुसरं मात्र उतरायचं. सयाजीनं हे लागोपाठ पाहिलं. तो मुळातच हिशेबी होता. दुसऱ्या दिवशीसाठी नावं लागली तेव्हा सयाजीचं नाव पहिल्या विमानाला होतं आणि केरूचं दुसऱ्या.

संध्याकाळी सयाजी त्याच्याकडं आला. म्हणाला, "केरू, तुजी दुसऱ्यातली जागा मला दे. पयल्याचं काय खरं न्हाई. आबा वाट बगत आसंल."

केरूला क्षणभर जड गेलं. चांगली जागा आपल्याला आलीय असं तोही मनातून समजत होता आणि मुलीला बघायची घाई त्यालाही होती. पण तार सयाजीच्या खिशात होती. तो म्हणाला, "घे की. माजी पोरगी काय पळून चालली न्हाई." हवालदारानं कुरकुर करत नावं बदलली. त्याच वेळी दोघांचं ठरलं की, जो आधी सुटेल त्यानं दुसऱ्याच्या घरी निरोप द्यायचा. सयाजीला वाटत होतं तो आपणच असू.

दुसऱ्या दिवशी आभाळ पुसून काढल्यासारखं लख्ख होतं. पहिलं विमान सरळ येऊन उतरलं. ते पंखे बंद करत नसे. माणसांनी बिस्तरे खांद्यावर टाकून पळत सुटायचं आणि आत शिरायचं. केरूही पळाला. गोल खिडकीतून त्याला धावपट्टीच्या कडेच्या पिंपांच्या रांगेपलीकडं उभा असलेला सयाजी दिसला. तो हात हलवत होता आणि तोंडानं काहीतरी ओरडत होता. पंख्यांच्या आवाजात ते ऐकू येणं शक्य नव्हतं.

चंदीगडला उतरल्यावर केरू दुसऱ्या विमानाची वाट बघत तिथंच थांबला. दुपारी कळलं की वारा लवकर सुटला, दुसरं विमान खिंडीतूनच परतलं. तिथला माणूस म्हणाला, आज नाही तर उद्या. केरूनं ते खरं मानलं आणि आगगाडी धरली.

वाडीत तो पोचला तेव्हा दारातल्या पोरांनी लष्करी कोट पाहून "आलं, आलं" म्हणत घरात धाव घेतली. तात्याबाची बायको रंगूबाई हातातलं पीठ तसंच घेऊन बाहेर आली आणि समोर परका माणूस बघून जागच्या जागी थांबली. केरूनं नाव सांगितलं, गाव सांगितलं. विचारल्यावर वस्तीही सांगितली. मग ओट्याच्या पायरीवर बसून तो म्हणाला की, सयाजी बरा आहे, माझ्या मागच्याच विमानात त्याची जागा आहे, उद्यापरवा पोचेल.

आतून म्हाताऱ्याचा आवाज आला. कोण आलंय, काय म्हणतंय, त्याला माझ्यापुढं आणा. मानसिंग म्हणाला की मी सांगतो तुम्हाला. पण म्हातारा ऐकेना. मग रंगूबाईनं उंबऱ्याजवळची पाण्याची घागर उचलून आत नेली आणि केरूला आत यायला सांगितलं. केरूनं ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. तात्याबानं त्याचा हात धरला. उद्या म्हणजे उद्याच ना, असं त्यानं पुन्हा पुन्हा विचारलं. केरू प्रत्येक वेळी हो म्हणाला.

त्यानंतर तो कुंडलला गेला. मुलगी त्याला बघून रडली. दुसऱ्या दिवशी जराशी थांबली आणि टक लावून बघू लागली. तिसऱ्या दिवशी सकाळी मानसिंग वस्तीच्या तोंडाशी येऊन उभा राहिला. तो आत आला नाही. पोराकडून त्यानं केरूला बोलावून घेतलं. म्हणाला की सयाजी आलेला नाही, आबा जेवत नाही, त्या शिपायाला बोलवा म्हणतोय, विमानाचं त्यालाच ठाऊक.

केरू गेला. त्या खेपेला त्यानं म्हाताऱ्याला सगळं समजावून सांगितलं. बर्फ कसं पडतं, खिंड कशी झाकून जाते, विमान सकाळीच का येतं, उन्हं चढल्यावर का येत नाही. आपण "उद्या" म्हणालो ते खोटं नव्हतं, एवढंच त्याला पटवायचं होतं. म्हाताऱ्यानं त्यातलं एवढंच धरलं की वाट बघायची ती सकाळी बघायची. तेव्हापासून तो सकाळी भिंतीला टेकून बसू लागला, थोडी पेज घेऊ लागला. रंगूबाईनं केरूला थांबायचा आग्रह केला. केरू एक दिवस थांबला आणि गेला. दोन दिवसांनी पुन्हा बोलावणं आलं.

या वेळी पारूबाईनं पोरीला त्याच्या हातातून काढून घेतलं. ती म्हणाली, "तुमी रजेवर आलायसा का त्यांच्या घरी ड्युटीला?"

केरूनं कोट अंगात घातला. काय सांगणार? त्या घरी जाऊन बसलं की तो काही करत नव्हता. सयाजीला आणणं त्याच्या हातात नव्हतं, ढग हटवणं नव्हतं. पण न जाणंही त्याला जमत नव्हतं. सयाजीच्या नावावरची जागा घेऊन आपण इथं आलोय, ऊन खातोय, भाकरी खातोय, हे त्याच्या डोक्यातून जात नव्हतं. जाईबाई चुलीपुढून म्हणाली, "जाऊ दे त्याला. शबूद देऊन बसलाय." पारूबाईनं तोंड फिरवलं.

वाडीत त्या दिवशी मानसिंगनं त्याला गोठ्यात गाठलं. तो वैरण टाकत होता. केरूकडं न बघता त्यानं विचारलं, "तार आमच्या बाची. मग आदी जागा तुमाला कशी मिळाली?"

केरूजवळ उत्तर तयार होतं. नुसतं तोंड उघडायचा अवकाश होता. सयाजीनंच बदलून मागितली, मी माझी चांगली जागा त्याला दिली, असं म्हटलं असतं की सुटला असता. पण बोलायच्या आधी त्याच्या मनात आलं की हे वाक्य एकदा या घरात शिरलं की बाहेर निघणार नाही. म्हातारा गेला आणि सयाजी पोचला नाही, तर प्रत्येक सणाला, प्रत्येक भांडणात कुणीतरी ते सयाजीच्या तोंडावर फेकेल. तूच शहाणपणा केलास म्हणतील. आई म्हणेल, भाऊ म्हणेल, एखाद्या दिवशी बायकोही म्हणेल.

"नंबर लागला," केरू म्हणाला.

"आसं हाय व्हय," मानसिंग म्हणाला. त्यानं हातातली पेंढी बैलापुढं टाकली आणि तो निघून गेला. त्या दिवसापासून तो केरूशी सरळ बोलेनासा झाला. काही हवं असलं तर 'त्याला विचार' असं म्हणून आईकडून विचारायचा.

आज सकाळी वाऱ्याचं, विमानाचं विचारून झालं, तिरीप जमिनीला लागली, तरी तात्याबा निजला नाही. "आजचं गेलं" असंही म्हणाला नाही. रंगूबाई परसात होती. मानसिंग रानात गेला होता. म्हाताऱ्यानं केरूला जवळ सरकायला सांगितलं.

"आता खरं सांग पोरा. माजं पोरगं मागं का ऱ्हायलं?"

"आबा, सांगितलं की. नंबर..."

"मी बी पलटनीत व्हतो. बाची तार आसली तर त्याला म्होरं काडत्यात. तू म्होरं कसा आलास?"

केरू जमिनीकडं बघत राहिला. म्हाताऱ्याचा श्वास घरघरत होता.

"त्याचं नाव पयल्यालाच व्हतं," तो म्हणाला. "त्यानं माज्याशी बदली केली."

"त्यानंच मागितली?"

"व्हय."

"आन तू दिलीस."

"दिली. तवा दुसरंच चांगलं वाटत व्हतं आबा. दोगास्नी बी. पयलं रोज माघारी जायाचं. त्याला वाटलं, दुसऱ्यानं गेलं की नक्की पोचतो."

तात्याबानं छपराकडं पाहिलं. मग त्याचं फुगलेलं पोट हललं. केरू घाबरला, त्याला वाटलं कळ आली. पण म्हातारा हसत होता.

"ल्हानपनापास्नं तसाच," तो म्हणाला. "रहिमतपूरच्या बाजाराला निघालो की पयल्या गाडीत बसायाचा न्हाई. म्हनायचा, मागची मोकळी येतीया. मग मागची यायाचीच न्हाई, आन आमी चालत जायाचो." त्याला धाप लागली. ती ओसरल्यावर तो म्हणाला, "ह्ये ह्या घरात कुणाला सांगू नगंस. त्याची आय जन्मात इसरायची न्हाई."

"न्हाई सांगत."

"मानसिंग तुला टाकून बोलतोय व्हय?"

"न्हाई आबा."

"बोलतोय. मला आयकू येतंय." म्हाताऱ्यानं डोळे मिटले. "बोलू दे."

केरूला वाटलं होतं की खरं सांगितल्यावर हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. उलट आता त्या गोष्टीला त्याचा शब्द बांधला गेला होता आणि हा शब्द आधीच्या शब्दापेक्षा भारी होता. त्या दिवशी तो निघायला उठला तेव्हा म्हाताऱ्यानं त्याला अडवलं नाही. तरी केरूचं पाऊल निघेना. तो थांबला.

तात्याबा दुसऱ्या दिवशी दुपारी गेला. सकाळी तो भिंतीला टेकून बसला होता, वाऱ्याचं विचारलं होतं. उन्हं परतल्यावर त्यानं पाणी मागितलं. रंगूबाईनं भांडं तोंडाशी नेलं तोवर मान कलली.

माणसं जमली. ओटा भरला, अंगण भरलं. बायकांचा आकांत जरा ओसरल्यावर न्यायचं कधी यावर बोलणं सुरू झालं. रंगूबाई म्हणाली की थोरल्याला येऊ दे. जुनी माणसं तिच्या बाजूनं झाली. विमानानं येणारा माणूस, त्याला किती वेळ लागतो, दिल्लीहून मुंबईला दोन तासांत येतात म्हणे. एक म्हणाला सकाळपर्यंत थांबू. दुसरा म्हणाला बर्फाची लादी आणू साताऱ्याहून. बोलता बोलता सगळ्यांची तोंडं केरूकडं वळली. तो अंगणाच्या कडेला गोठ्याच्या खांबाशी उभा होता.

"तुमी सांगा," एक म्हातारा म्हणाला. "कवा येतोय?"

मानसिंगही बघत होता. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यानं केरूच्या डोळ्यांत डोळे घातले.

येतोय, येतोय असं केरू या घरात इतके दिवस सांगत आला होता. तो म्हणाला, "आज यायाचा न्हाई. उद्या बी सांगता येत न्हाई. थांबू नगासा."

रंगूबाईनं त्याच्याकडं पाहिलं. त्या बघण्यानं केरूला वाटलं की म्हातारा आत्ता, माझ्या बोलण्यानं मेला. मावळायच्या आत त्यांनी तात्याबाला ओढ्याकाठी नेलं. अग्नी मानसिंगनं दिला. केरू बाभळीखाली सगळ्यांच्या मागं उभा राहिला आणि लोक परतू लागले तशी शेवटची एसटी धरून निघून गेला. घराकडं तो वळला नाही.

दहाव्याला मात्र तो आला. न येणं त्याला बरं दिसेना. ओट्यावर माणसं बसली होती. तो पायरीवर टेकला. आत चला असं कुणी म्हणालं नाही. जो हाक मारायचा तो नव्हता. थोड्या वेळानं चहा आला. त्याच्यासाठी कोनाड्यातला कप वेगळा काढला होता. चहा पिऊन केरूनं तो विसळला आणि पालथा घालून ठेवला.

निघताना सयाजीची बायको राही दाराशी आली. इतक्या फेऱ्यांत ती त्याच्याशी एकदाही बोलली नव्हती. पदर पुढं ओढून तिनं हळूच विचारलं, "तुमी निगाला तवा त्ये कसं व्हतं?"

"चांगला व्हता. उभा व्हता. हात हलवत व्हता."

तिनं मान हलवली. मग ती म्हणाली, "तुमी त्यास्नी म्होरं पाटवाय पायजे व्हतं."

केरू म्हणाला, "व्हय."

रजा संपली. शेवटच्या दिवसांत मुलगी त्याला ओळखू लागली होती. तो घरात आला की हात पुढं करायची. पारूबाईनं भाकऱ्या बांधून दिल्या आणि स्टेशनपर्यंत पोरीला घेऊन ती आली. पुन्हा रजा कधी, असं तिनं विचारलं नाही. गाडी आल्यावर तिनं पोरीचा हात धरून हलवला आणि गाडी सुटायच्या आतच ती माघारी वळली.

रहिमतपूरला गाडी थांबली ती थांबलीच. रूळ एकेरी. समोरून पुण्याहून गाडी येणार होती, ती आत आल्याशिवाय हिला वाट नव्हती. केरू खिडकीशी बसून होता. बऱ्याच वेळानं पुण्याची गाडी शेजारच्या रुळावर येऊन उभी राहिली. मोजकी माणसं उतरली. त्यात खांद्यावर बिस्तरा घेतलेला सयाजी होता. गालफडं बसलेली, नाकाची कातडी थंडीनं सोललेली.

केरू खाली उतरला. सयाजीनं त्याला पाहिलं आणि बिस्तरा टाकून तो जवळ आला. केरू इथं कसा, कुठं निघालाय, यातलं त्यानं काही विचारलं नाही.

"आबा?"

"न्हाई," केरू म्हणाला.

सयाजी उभाच राहिला. "कवा?"

"दहावं झालं."

सयाजी खाली बिस्तऱ्यावर बसला. रडला नाही. तो सांगू लागला की, रोज अंधारातच तो पिंपांपाशी जाऊन बसायचा. बर्फ थांबलं तर ढग, ढग हटले तर वारा. एकदा विमान इतकं खाली आलं की त्याची चाकं दिसली आणि ते तसंच वर गेलं. शेवटी एका सकाळी पहिलंच विमान उतरलं. दुसऱ्यासाठी त्याचं नाव होतं, पण त्यानं हवालदाराचे पाय धरले आणि पहिल्यातच चढला. हे सगळं तो सपाट आवाजात सांगत होता, जणू दुसऱ्याच कुणाचं चाललं होतं. मग एकदम थांबून त्यानं केरूकडं पाहिलं.

"घरी काय सांगितलंस? जागंचं?"

"नंबर लागला म्हनलो."

"आन मानसिंग?"

केरूनं आपल्या डब्याकडं पाहिलं. सयाजीला कळलं. तो उठून उभा राहिला. म्हणाला, "मी आत्ता जाऊन समद्यांम्होरं सांगतो. मीच बदली मागितली. केरूचा काय दोस न्हाई."

"सांगायचं न्हाई. आबानं सांगितलंय."

"आबाला ठावं व्हतं?"

"इचारलं, मग मी सांगितलं."

सयाजी म्हणाला, "काय म्हनला?"

"हसला."

सयाजी त्याच्या तोंडाकडं बघत राहिला, खरं आहे की समजूत काढतोय ते पाहत. मग त्यानं मान खाली घातली. केरूच्या गाडीनं शिट्टी दिली. केरू डब्याच्या पायरीवर चढला.

"आरं, पर त्ये तुला जन्मभर नावं ठेवतील," सयाजी खालून म्हणाला.

"ठेवू देत. मी कुटं येतुया आता तुज्या गावाला," केरू म्हणाला.

गाडी हलली. केरू दारातच उभा राहिला. सयाजीनं बिस्तरा खांद्यावर घेतला, डोक्यावरची टोपी काढली आणि तिचं काय करावं ते न सुचून ती हातातच धरली. स्टेशनाबाहेर औंधची एसटी सुटायच्या बेतात होती. कंडक्टर दार धरून त्याला हाका मारत होता. सयाजीनं तिकडं पाहिलं नाही. तो उघड्या डोक्यानं रस्त्याला लागला. एसटी मागून आली, त्याच्यापाशी जरा थांबली आणि पुढं निघून गेली. मग रस्त्यावर धुरळा तेवढा उरला आणि त्यातून चालत जाणारा तो.